बर्फाच्या कारखान्यातलं नाक

बर्फाच्या कारखान्यात तात्यांना दोन नावं होती. समोर सगळे ‘तात्या’ म्हणत आणि पाठ वळली की ‘नाकतात्या’. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना तेच जास्त आवडायचं. नाक तसं नजरेत भरण्यासारखं होतंच, लांब, सरळ, शेंड्याशी जरा लालसर. पण नाव पडलं ते कामामुळे. कारखान्यात भिंतीभर अमोनियाचे पाइप फिरले होते. एखाद्या जोडावर कणभर गळती सुरू झाली, तर तात्यांना ती फाटकातून आत शिरतानाच कळायची. सायकल भिंतीला टेकवता टेकवता ते म्हणायचे, “कंडेन्सरच्या खालचा वॉल्व्ह बघा रे जरा.” बघितलं की तिथे काहीतरी असायचंच.

गळती शोधायची रीतसर पद्धत वेगळी होती. गंधकाची काडी पेटवून जोडाजवळून फिरवायची. अमोनिया निसटत असेल तिथे काडीभोवती दाट पांढरा धूर धरतो. मालकांनी अशा काड्यांचा एक डबा कंप्रेसरच्या खोलीत ठेवून दिला होता. तात्या त्याला हात लावत नसत. मला आधीच कळलेलं ती काडी मागाहून सांगणार, मग ती पेटवायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते पाहून बाकीच्यांनीही काड्या सोडल्या. पुढेपुढे त्या डब्यात काड्यांवर पत्त्यांचा कॅट राहायला लागला.

तात्यांच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणायची. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं, पण एक धाकटा भाऊ होता आणि आईवडील लवकर गेल्यामुळे तो काकूंच्याच हाताखाली वाढला होता. त्याला घड्याळांचं वेड होतं. बाजाराच्या कोपऱ्यात दुरुस्तीची एक टपरी, डोळ्याला लावलेलं भिंग, समोर काचेखाली मांडलेली चाकं आणि केसाहून बारीक स्प्रिंगा. पण लोक खिशातल्या फोनवर वेळ बघायला लागले आणि टपरीवर दिवसाकाठी एखादं गिऱ्हाईक येईना. वयाची पस्तिशी उलटल्यावर त्याने टपरीला कुलूप लावलं. काकूंनी तात्यांच्या मागे लकडा लावला आणि तात्यांनी मालकांकडे शब्द टाकून मेहुण्याला कारखान्यात चिकटवलं. तिथल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘टिकटिक’ ठेवलं. तो हसायचा. चार वर्षं बर्फ ओढू, तोवर घड्याळांचे दिवस परत येतील, असं म्हणायचा. हत्यारांची पेटी त्याने तेल लावून, फडक्यात गुंडाळून जपून ठेवली होती.

पहिल्या दिवशी तात्यांनीच त्याला कारखाना दाखवला. दाखवताना त्यांना असा काही हुरूप आला की जेवणाची सुट्टी बुडाली. कंप्रेसरपाशी नेऊन ते म्हणाले, हा अमोनियाचा वायू दाबतो. दाबला की तो तापतो. मग त्याला वर गच्चीवरच्या पाइपांत, म्हणजे कंडेन्सरमध्ये पाठवायचा, तिथे त्याच्या अंगावर पाणी पडत असतं. उष्णता पाण्याला देऊन टाकली की वायूचं पाणी होतं, म्हणजे पाण्यासारखा पातळ अमोनिया. तो एका बारीक वॉल्व्हमधून इकडे, टाकीतल्या पाइपांत सोडायचा. इथे दाब कमी. दाब कमी झाला की तो उकळायला लागतो.

“उकळतो?” मेहुण्याने टाकीत बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं. “हे तर थंडगार आहे, भावोजी.”

“उकळायला विस्तवच लागतो असं नाही. पाणी शेगडीवर उकळतं. अमोनिया बर्फाहून गार असला तरी उकळतो. पण पातळाचा वायू व्हायचा तर उष्णता कुठून तरी घ्यावी लागणारच. हा ती या मिठाच्या पाण्यातून खेचून घेतो. मिठाचं पाणी हाडं गोठवण्याइतकं गार होतं, पण मिठामुळे स्वतः गोठत नाही. आणि त्यात हे पत्र्याचे डबे बुडवलेत, त्यांतलं साधं पाणी दगड होतं.”

मेहुण्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे तिकडे एकजण उकळतोय म्हणून इकडे दुसरा गोठतोय.”

तात्यांना ते इतकं आवडलं की पुढे नव्या माणसाला कारखाना दाखवताना ते हेच वाक्य आपलं म्हणून सांगू लागले. मेहुणा शेजारी उभा असला तरी सांगत.

मेहुण्याचं काम टाकीवर होतं. डब्यातलं पाणी आतपर्यंत गोठलं की क्रेनने डब्यांची रांग उचलायची, साध्या पाण्याच्या हौदात बुडवायची, कडेचा बर्फ सुटला की डबे कलंडवायचे. आरशासारखी लादी सुर्रकन घसरत फळीवरून बाहेर जायची. मासळीवाले, दूधवाले, शीतपेयांच्या गाड्यावाले बाहेर गोणपाट घेऊन उभे असायचे. लादीच्या मधोमध पांढुरकी रेघ राहिली की मेहुण्याला ते खपत नसे. पाण्यातली हवा बाहेर काढायची नळी तो घड्याळजीच्या हाताने, अगदी मोजून मापून बसवायचा आणि त्याच्या हातची लादी काचेसारखी निघायची. गिऱ्हाइकं नाव घेऊन मागायला लागली, टिकटिकची लादी द्या म्हणून.

अशी दोन वर्षं बरी गेली. मग एका हिवाळ्यात तात्यांना सणकून ताप आला. सर्दी अशी की डोकं फुटेल. ताप उतरला, अंगात त्राण आलं, ते कामावर जायला लागले. एका सकाळी ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते आणि हाताच्या अंतरावर दूध उतू जाऊन करपून काळं झालं. काकू न्हाणीघरातून धावत आल्या. म्हणाल्या, अहो, सगळ्या आळीत करपट वास सुटलाय आणि तुमचं लक्ष असतं कुठे. तात्या काहीतरी पुटपुटले. काकू खिडकी उघडायला वळल्यावर त्यांनी पातेल्यावर तोंड नेऊन खोल श्वास घेतला. वाफ गरम लागली. बाकी काही नाही.

त्या दिवशी त्यांनी घरातलं सगळं हुंगून पाहिलं. साबण, रॉकेल, चपलांचं कातडं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्या कधी ओल्या न होता परस्पर हवेत विरून जातात आणि त्यांच्या वासाने कपाट भरून राहतं. तात्या कपाटात डोकं घालून उभे राहिले. त्यांना फक्त अंधार जाणवला.

आळीतल्या डॉक्टरांकडे न जाता ते लांबच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं, की इतकी वर्षं त्या वायूत काढलीत, त्यात हा ताप. वास परत येईल किंवा येणारही नाही. कामावर मात्र हे सांगून ठेवा. तात्या बरं म्हणाले. परत येताना वाटेत त्यांनी मनाशी वाक्यंही जुळवली होती. फाटकाशी पोचले तेव्हा पहारेकरी हसत म्हणाला, “काय तात्या, आज काय म्हणतंय नाक?” आणि जुळवलेली वाक्यं घशातच राहिली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? मालकांनी काड्यांच्या डब्यातले पत्ते काढायला लावले असते, एवढंच. कदाचित तात्यांना फाटकावर बसवलं असतं. पण तात्यांना वाटलं की आपल्याजवळ दुसरं आहे काय? शिक्षण बेताचं, हात चारचौघांसारखे. चारचौघांत उठून दिसणारी एकच गोष्ट होती आणि तीच गेली, हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे भर बाजारात आपलं नाक आपणच कापून घ्यायचं. शिवाय वास परत येईल असंही त्या बाई म्हणाल्याच होत्या. तोवर निभावून नेऊ.

आणि त्यांनी निभावलंही. पाइपांवर हात ठेवून, कान लावून ते अंदाज घेऊ लागले. सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो लोकांच्या चेहऱ्यांचा. कुणी नाक मुरडलं, कुणी जाता जाता शिंकलं की तात्या लगेच त्या बाजूला बघून म्हणायचे, “तिथे काहीतरी आहे.” असायचंच. उलट त्यांचा दरारा वाढला. गळती जास्त असली तर डोळे चुरचुरत, घसा खवखवे, ते वास गेलेल्या माणसालाही कळतंच. राहिली बारीकसारीक, ती काय, कुणीतरी बोलेलच.

एका सकाळी ते खरंच बोललं कुणीतरी. डब्यांची पहिली रांग निघायची होती. मेहुणा टाकीच्या ओट्याखालून वर आला आणि कंप्रेसरच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, “भावोजी, खाली त्या मोठ्या वॉल्व्हपाशी मला जरा वास येतोय. तुम्ही बघता?”

खोलीत आणखी दोघेतिघे होते. त्यांना काही वास आलेला नव्हता. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या उठले, खाली गेले, वॉल्व्हपाशी वाकले, डोळे मिटून दोन-तीन श्वास घेतले. पाइपवरून हात फिरवला. सुरसुर ऐकू येईना, डोळे चुरचुरेनात. मेहुण्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित त्यांनी सावधपणे काडी मागवली असती. पण हा त्यांनीच आणलेला, त्यांनीच शिकवलेला. याच्या नाकाला जे कळलं ते आपल्या नाकाला कळलं नाही, हे सगळ्यांसमोर कबूल कसं करायचं?

“काही नाही,” तात्या म्हणाले. “काल इथलं तेल काढलं ना, त्याचा राहिलेला वास. अजून कच्चं आहे तुझं नाक.”

सगळे हसले. मेहुणाही हसला आणि कामाला लागला.

चहाच्या आधी त्या वॉल्व्हचं फट बुजवणारं पॅकिंग सुटलं. फट्कन आवाज झाला आणि आतला पातळ अमोनिया पिचकारीसारखा उडाला. बाहेर आला त्याच क्षणी त्याचा वायू झाला. बादलीभर पातळातून खोलीभर वायू होतो, तसा ओट्याखाली पांढरा ढग फुगत गेला. मेहुणा तेव्हा बरोबर त्या वॉल्व्हसमोरून क्रेनची साखळी घेऊन चालला होता. पिचकारी त्याच्या तोंडावर बसली.

पुढे तात्यांनी जे केलं ते खोटं नव्हतं. सगळे दाराकडे पळाले तेव्हा ते उलट दिशेने गेले. ओलं गोणपाट तोंडाला गुंडाळून, वाकून, जवळजवळ रांगत ते ढगात शिरले. मेहुण्याला काखेत धरून फरफटत आणलं आणि साध्या पाण्याच्या हौदात घातलं. दोन बोटांनी त्याच्या पापण्या ताणून ते ओंजळीने पाणी मारत राहिले, मारत राहिले. कुणीतरी येऊन त्याला त्यांच्या हातातून घेतलं, तेव्हा ते परत गेले आणि टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा मुख्य वॉल्व्ह बंद केला. त्याच्यावर दहिवर गोठलं होतं. तळहाताची साल चाकाला चिकटून राहिली.

मेहुण्याचा उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड कळायचा, माणूस हलला तर सावली कळायची. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले की लगेच पाणी मारलं म्हणून एवढं तरी वाचलं, नाहीतर जीवही गेला असता. हे त्यांनी काकूंना सांगितलं, काकूंनी आळीला सांगितलं. चौकशीला आलेल्यांनी पॅकिंग जुनं झालं होतं असं लिहून नेलं. मालकांनी कारखान्याच्या आवारात सगळ्यांना जमवून तात्यांच्या गळ्यात हार घातला. हाताला बँडेज बांधलेल्या तात्यांचा फोटो गावच्या पेपरात आला. काकूंनी तो कापून आरशाच्या चौकटीत खोचला. दाढी करताना तात्या हनुवटी अशी वळवत की तो दिसू नये.

सकाळच्या त्या बोलण्याची आठवण कुणीच काढली नाही, असं नाही. मेहुण्यानेच काढली होती, हॉस्पिटलात, डोळ्यांवर पट्ट्या असताना. तात्यांचा हात चाचपून तो म्हणाला, “मला वास आला असं वाटलं होतं. पण तुम्हाला आला नाही म्हणजे नव्हताच तो. अचानकच फुटलं.” तात्यांच्या मनात आलं की सांगावं ते आत्ताच. तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. ती गेल्यावर तात्यांनी त्याची उशी सारखी केली आणि ते घरी निघाले.

मेहुणा बरा होऊन त्याच्या खोलीवर गेला. खोली बहिणीच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून. मालकांनी त्याला फोन घ्यायच्या कामावर ठेवलं. दहा-बारा वर्षांनी कारखाना बंद पडला, जागेवर मोटारींचं गॅरेज आलं आणि तात्या, मेहुणा दोघेही घरी बसले. हत्यारांची पेटी मेहुण्याने एका ओळखीच्या घड्याळजीला देऊन टाकली होती. देताना प्रत्येक हत्यार फडक्यातून काढून, बोटांनी ओळखून, नाव सांगून दिलं म्हणे. तात्या त्या वेळी तिथे नव्हते. काकूंनी घरी येऊन सांगितलं आणि पदराने डोळे पुसत पुन्हा तेच म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून निदान माणूस तरी हाताला लागला.”

तात्या रोज दुपारी मेहुण्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवू लागले. वास परत आला नव्हता. घरात ते आता म्हातारपणाच्या खात्यावर खपून जायचं. अशाच एका दुपारी कुठल्याशा शीतगृहात वायूगळती होऊन दोन कामगार दगावल्याची बातमी आली. तात्यांनी ती गाळायला हवी होती, पण तोंडातून मथळा निघून गेला होता.

मेहुण्याने पूर्ण ऐकली आणि म्हणाला, “तिथे तुमच्यासारखं कुणी नसणार, भावोजी.”

तात्यांनी पेपर गुडघ्यावर ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की बोलायचं तर खूप काही बोलावं लागेल. प्रत्यक्षात चार-पाच वाक्यांत संपलं. ताप आला होता त्या हिवाळ्यापासून मला वास येत नाही. त्या दिवशीही येत नव्हता. मी वाकून नुसतं नाटक केलं. तू बरोबर होतास.

खाली गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मेहुणा अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “म्हणजे मला आला होता वास.”

“हो.”

“मी इतकी वर्षं समजत होतो, आपलंच नाक खोटं. नंतर कधी गॅसचा वास आला, धुराचा आला, तरी मी कुणाला बोलायचो नाही. म्हटलं, आपल्याला भास होतात.” तो खुर्चीत पुढे सरकला. “तुम्ही नुसतं ‘मला कळत नाही’ म्हणाला असतात, तर मीच पेटवली असती काडी. तिथेच पडल्या होत्या.”

तात्यांनी माफी मागितली. मेहुण्याने मान हलवली. पण ती हो म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते तात्यांना ओळखता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, “ताईला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.”

ते सांगायला तात्यांना महिना लागला. काकू दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होत्या. त्यांनी ऐकता ऐकता घड्या घातल्या, सगळे कपडे कपाटात ठेवले आणि मग खुर्चीवर बसल्या.

“तो दर वेळी जेवायला आला की म्हणायचा, ताई, भावोजींमुळे मी आहे,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही समोर बसून ऐकून घ्यायचात. ताटात पुढचं वाढून घ्यायचात.”

त्या संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. काही दिवसांनी परत आल्या, कारण तात्यांना पुन्हा ताप आला होता आणि आळीतल्या कुणीतरी निरोप नेला. काढा केला, पथ्य सांभाळलं, सगळं नीट केलं. आरशाच्या चौकटीतला फोटो कधी निघाला ते तात्यांनी पाहिलं नाही. विचारलंही नाही. पूर्वी त्या त्यांच्याशी उगाच भांडायच्या, भाजीवरून, दाराच्या कडीवरून. आता भांडत नसत. तात्यांना घर त्यामुळेच फार मोठं वाटायचं.

मेहुण्याकडे ते अजूनही जातात. तो दार उघडतो, खुर्ची सरकवतो, पाणी देतो. पेपर ऐकतो. पण आता बातमी संपली की तिच्यावर काही बोलत नाही, पुढची वाचायला सांगतो. एकदा वाचता वाचता तात्यांना भरून आलं आणि त्यांनी विचारलंच, की तू मला मनातून माफ केलंस का रे?

मेहुण्याने चेहरा त्यांच्या आवाजाकडे वळवला. “डोळ्यांचं म्हणाल तर, पॅकिंग जुनं होतं, केव्हातरी फुटायचंच होतं. त्याचा मी राग नाही धरत,” तो म्हणाला. “पण ते सगळे हसले होते ना, भावोजी, तेव्हा मीही हसलो होतो. ते माझ्या मनातून अजून जात नाही.”

तात्यांनी पेपर उलटला आणि पुढच्या पानावर नजर लावली. अक्षरं लागेनात. मग मेहुणाच म्हणाला की आज हवामानाचं राहिलंय, आणि तात्यांनी घसा खाकरून ते वाचायला घेतलं.